पांढरं पातळ कोण नेसणार?

मी जिना चुकलो, एवढंच झालं. पुण्यात जिना चुकणं हा काही गुन्हा नाही. चुकीच्या दारावर बेल वाजवली, तर दार न उघडताच आतून ‘ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये’ असं खणखणीत ऐकू येतं आणि प्रकरण मिटतं. पण त्या सकाळी मी मावळ्याच्या वेषात होतो. अंगात गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, कमरेला लाकडी तलवार, डोक्याला दोन आकडे लहान पागोटं, हातात पत्र्याचा डबा आणि वरच्या ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी. ती बिबवेवाडीच्या त्या दमट हवेत डाव्या बाजूने सुटायला लागली होती. मला ‘ब’ इमारत नेमून दिली होती. मी गेलो ‘क’ मध्ये.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलं. तिशीच्या आतली एक बाई, कपाळाला बारीक टिकली, खांद्यावर शिंप्याची टेप. आत शिवणाचं मशीन दिसत होतं. मी छाती पुढे काढली, म्हणजे पोट पुढे आलं, आणि पाठ केलेली आरोळी ठोकली :

“लढाई पेटलीय, ताईसाहेब! घरात तलवार असेल तर तलवार द्या, वीर असेल तर वीर द्या, आणि काहीच नसेल तर पन्नास रुपये द्या!”

या वाक्यावर मी खूश होतो. ते मीच रचलं होतं. ‘ब’ इमारतीत त्याला हशा ठरलेला होता.

ती बाई हसली नाही. रागावलीही नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “एक दिलाय की, काका. दुसरा नाय.”

मला कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात दाराच्या आतल्या भिंतीवरचा फोटो दिसला. लष्करी टोपी, हार, अजून ताजा. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून शब्दाऐवजी मिशी बाहेर पडली. म्हणजे अर्धी सुटली आणि ओठावर लोंबायला लागली.

“पडतीय तुमची,” ती म्हणाली. मग आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली आणि पाणी माझ्या हातात देऊन डब्यात एक नोट टाकली. मी ‘नको, नको’ म्हणत होतो. ती म्हणाली, “राहू द्या. कुणाच्या तरी घरी लागंल.” मागे सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी राहून माझ्या मिशीकडे टक लावून बघत होती.

मी जिना उतरलो तेव्हा तलवार तीन ठिकाणी कठड्याला आपटली.

आता हे सोंगाचं मंडळ काय होतं ते सांगायला हवं. कारगिलची लढाई चालू होती ते दिवस. त्याआधी चार-पाच वर्षं आमच्या भागात सगळं बदलत होतं. घराघरात केबल आली होती, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे परदेशी चॉकलेटं आली होती, आणि दर दोन इमारतींमागे एक मुलगा कॉम्प्युटर शिकून दोन हजार सालची भानगड निस्तरायला अमेरिकेला निघाला होता. मुलं अमेरिकेला गेली, आईबाप रिकामे झाले. गणपतीत लहान मुलांच्या वेषभूषा स्पर्धा व्हायच्या, तर एका वर्षी लहान मुलंच पुरेनात. तेव्हा मोठ्यांनीच सोंगं काढली. ती इतकी रंगली की कायमचं मंडळ झालं. एक अध्यक्ष, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कायम राजाच व्हायचं असे. एक सेक्रेटरी, त्यांना काहीच व्हायचं नसे, पण त्यांच्या सौभाग्यवतींना कायम झाशीची राणी व्हायचं असे. त्यांना आम्ही मागे राणीसाहेब म्हणायचो आणि पुढे वहिनी. पाच-सहा इतर बायका. एक संगणकवाला तरुण, अमेरिकेतून सहा महिन्यांनी परत आलेला, हातात मोबाइल आणि प्रत्येक वाक्यात ‘प्रोफेशनल’. आणि मी. मला बोलता येतं असा एक समज पसरल्याने मी सूत्रधार. शहरातल्या एका ड्रेपरीवाल्याकडून पागोटी, चिलखतं, शालू भाड्याने आणायचे, चिलखतं थर्माकोलची, आणि वर्षातून दोनदा हौस फेडून घ्यायची.

आमची ही मंडळात नव्हती. “मला घरात एक सोंग पुरे आहे,” असं ती विचारणाऱ्याला सांगे. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिला हौसेसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

लढाई टीव्हीवर आली. आधीच्या लढाया आपण रेडिओवर ऐकल्या, ही जेवताना पाहिली. ताटातली कोशिंबीर संपायच्या आत एक टेकडी हातात आलेली असे. पाहून पाहून लोकांना काहीतरी करावंसं वाटायला लागलं, ते अगदी खरं होतं. त्याला मी नावं ठेवत नाही. अध्यक्षांनी बैठक घेतली. जवानांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करायचा, तोही आपल्या पद्धतीने. बहुरूप्यासारखं वेष घेऊन दारोदार जायचं आणि शेवटी शाळेच्या सभागृहात ऐतिहासिक वेषभूषेचा मोठा कार्यक्रम करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर सगळ्यांत जोरात.

‘क’ इमारतीतून मी तसाच, अर्ध्या मिशीनिशी, सेक्रेटरींच्या घरी गेलो. बैठक चालूच होती. धापा टाकत म्हणालो, “अहो, ‘क’ मध्ये तिसऱ्या मजल्यावर… त्यांचे मिस्टर गेलेत हो. लढाईत. आपल्या शेजारी!”

मला वाटलं, सगळे उठून उभे राहतील.

“माहीत आहे की,” सेक्रेटरी म्हणाले. “महिना झाला. साताऱ्याकडच्या आहेत. गावाला सगळं झालं. मुलीच्या शाळेसाठी परत आल्यात.”

“माहीत आहे? मग तुम्ही…”

“म्हणून तर ‘क’ यादीत नव्हती. तुम्ही गेलात कशाला?”

“अशा घरी वाजतगाजत कसं जायचं, भावोजी?” राणीसाहेब म्हणाल्या. “बरं दिसतं का?”

हे मला पटलं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा पटलं. सोंगं घेऊन नाही जायचं, बरोबर. पण सोंग न घेता कुणी गेलं होतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. महिनाभर आम्ही जवानांच्या कुटुंबांसाठी बिबवेवाडी पालथी घातली होती, आणि जवानाचं कुटुंब जिथे राहत होतं तेवढी एकच इमारत नीट वगळली होती. हे सुचायला मला दोन दिवस लागले, आणि सुचलं तेव्हा मी दाढी करत होतो. कापून घेतलं.

त्या बैठकीत मात्र संगणकवाला तरुण ताडकन म्हणाला, “मग त्यांचाच सत्कार करू ना स्टेजवर! आपल्याच लोकॅलिटीतल्या आहेत. केबलवाले येतील. एकदम प्रोफेशनल होईल.”

कात्रजकडे राहणाऱ्या एका जखमी जवानाची आई आधीच ठरली होती. आता वीरमाता आणि वीरपत्नी, जोडी जमली. अध्यक्ष म्हणाले, “वा!” बोलावणं करायला कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी ओळख झालीच होती ना.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत गेलो. तिने ओळखलंच नाही. मी वरच्या ओठावर बोट आडवं धरलं तेव्हा मुलगी आतून ओरडली, “आई, मिशीवाले काका!”

तिने ऐकून घेतलं. मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज होतं, त्याची बाही उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, “काका, मला शाल-नारळाचं काय नाय. पण एक सांगू का? परवा वरच्या मजल्यावर बारसं झालं. समद्या बायांना बोलवणं होतं. माझ्या दारावरनं गेल्या. येताना पोरीच्या हातात पेढा दिला. पोरगी मला विचारती, आई, आपल्याला का नाय बोलवलं? मी म्हणलं, घाईत राहिलं असंल.” तिने बाही खाली ठेवली. “एकदा चालून गेलं. दुसऱ्या वेळी मी तिला काय सांगू? हुशार हाय ती. तवा मला बोलवायचं तर तिच्यादेखत वगळू नका. बाकीच्या बायांना जे कराल ते मला करा. जमणार नसंल तर आत्ताच सांगा, मी येत नाय. मला राग नाय.”

“छे छे, भलतंच!” मी म्हणालो. “शब्द देतो. तुम्हाला वगळलं तर मी नाव बदलीन.” मुलीसमोर, हात वर करून म्हणालो. बोलता येतं असा माझ्याविषयी समज आहे, तो माझ्यामुळेच पसरलाय.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी तालीम झाली. शाळेच्या सभागृहात एका बाजूला ड्रेपरीवाल्याच्या पेट्या उघडल्या होत्या. क्रम असा : पाच राण्या एकेक करून येणार, प्रत्येकीविषयी मी चार वाक्यं बोलणार, शेवटी पाचही जणी पाहुण्यांचं औक्षण करून ओटी भरणार. मग अध्यक्षांचं भाषण. मग चहा.

चार शालू चार जणींनी उचलले. पेटीच्या तळाशी राहिलं एक पांढरं नऊवारी पातळ, बारीक काठाचं, आणि महादेवाची एक पितळी पिंड. महेश्वरच्या राणीचा वेष. तिचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं : पांढरं वस्त्र, डोक्यावरून पदर, कपाळी कुंकू नाही, तळहातावर पिंड.

जिने आधी हो म्हटलं होतं ती बाई म्हणाली, “माझी मान धरलीय.”

दुसरी म्हणाली, “मला पांढरा रंग उठून दिसत नाही.”

तिसरी जरा प्रामाणिक होती. “आमचे हे गेल्या महिन्यात अँजिओग्राफी करून आलेत हो. उगाच कशाला? आमच्या सासूबाई बघायला येणार आहेत. मला असं बिनकुंकवाचं पाहून त्या खुर्चीतच जायच्या.”

“अहो, सोंग आहे ते,” मी म्हणालो.

“सोंग झालं तरी!”

राणीसाहेबांनी विषय बदलला. “ते राहू द्या. औक्षणाचं बघू. हे बघा, कात्रजच्या आईंची ओटी भरायची. त्यांचे मालक आहेत. आणि त्या ‘क’ मधल्या बाईंना अध्यक्ष शाल देतील. बास.”

“आणि ओटी?” मी विचारलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जेवणाच्या पंगतीत चप्पल घालून शिरलोय.

“भावोजी, तुम्ही पुरुष आहात. तुम्हाला यातलं कळत नाही. तशा बाईची ओटी भरतात का कधी?”

“तशा म्हणजे कशा?”

“आता माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.”

आणि इथे मी भडकलो. मी सहसा भडकत नाही. माझी प्रकृती समेटाची आहे. पण त्या दिवशी माझ्यासमोर पाच राण्यांचे वेष पसरले होते आणि मला त्या वेषांकडे बघवेना. मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही कार्यक्रमात घोड्यावर बसणार, पाठीला बाळ बांधणार, टाळ्या घेणार. ती झाशीची राणी लढली तेव्हा तिचा नवरा होता का हो? जिला पेटीत टाकलंय ती महेश्वरची राणी, जिने उभा कारभार केला, तिला तुम्ही ओटीला बसवलं असतं का? ह्या बायका जिवंत असत्या आणि आपल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असत्या, तर बारशाला त्यांच्याही दारावरून पुढे गेला असता तुम्ही? आपण पैसे कुणासाठी मागतोय? त्या डब्यावर काय चिकटवलंय ते वाचा ना जरा! तिचा नवरा गेला म्हणून आपण तिला बोलावतोय, आणि नवरा गेला म्हणूनच तिला बाजूला बसवतोय. याला काही लाज?”

चांगलं बोललो. आजही वाटतं, चांगलं बोललो. आवाजही चढला होता.

“राणीची गोष्ट वेगळी,” राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्ष म्हणाले, “शालीन कार्यक्रम आहे, वाद नको.” ते स्वतः राजा होते, पेटीतल्या मोत्यांच्या माळा गळ्यात घालून बघत होते.

आणि मग राणीसाहेबांनी पुण्याच्या हवेत वाढलेल्या बाईलाच जमतो असा एक बाण सोडला. “एवढं वाटतं ना भावोजी तुम्हाला? मग तुमच्या मिसेसना नेसवा की पांढरं पातळ. न्या. पिंडही न्या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी ताठ मानेने ‘नेतो’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “तिला… विचारून सांगतो.”

कुणीतरी हसलं. मी पातळ काखेत मारलं, पिंड रुमालात गुंडाळली आणि स्कूटरला किका मारत बसलो. ती नेमकी तेव्हाच चालू होत नव्हती.

घरी ही वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं, माझं भाषण दोनदा सांगितलं, आणि शेवटी ओझरतं म्हणालो, “आणि ते पातळ… तू काही मंडळात नाहीस, म्हणून तू नाही म्हणालीस तरी कुणी…”

“कुठाय?” ती म्हणाली.

“काय?”

“पातळ.”

मी काढून दिलं. तिने ते उलगडलं, उजेडात धरलं, काठाला एक डाग होता तो बघितला. “धुवायला हवं. नऊवारी नेसता येतं मला. आईने शिकवलंय.”

“अगं पण कुंकू…”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे, बारीकसं ठेवलंस तर?” मी म्हणालो. “अगदी ठिपका. लांबून दिसणार पण नाही. तू समजतेस तसं नाही, मला काही वाटत नाही, पण लोक…”

तिने लाल शाईचं पेन उचललं आणि समोरच्या वहीत एक मोठी फुली मारली. ती त्या मुलाच्या गणितावर होती असं मी आजतागायत समजतो.

सांगायचं म्हणजे, मी काही अंधश्रद्ध माणूस नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरासाठी थांबतो, शकुनासाठी नाही. पण त्या आठवड्यात मी रक्तदाबाची गोळी एकदाही विसरलो नाही. कार्यक्रमाच्या सकाळी ती आरशासमोर बसली. शाळेतही ती रोज रुपयाएवढं कुंकू लावून जायची, ते तिने ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेलो. स्कूटर हळू चालवली. इतकी हळू की एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. रस्ता ओलांडताना मी उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे पाहिलं. ती पिंड मांडीवर घेऊन मागे बसली होती.

सभागृह भरलं होतं. सूत्रधार म्हणून मी पुन्हा मावळ्याच्या वेषात, तलवार आणि मिशीसकट. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुण्यांची नावं लावली होती : पेजर विकणारे दुकानदार, वाघोलीकडे प्लॉट पाडणारे एक बिल्डर, ज्यांनी स्टेजमागचा फलक दिला होता, आणि त्यांची मंडळी. फलकावर डोंगर, त्यावर झेंडा, आणि झेंड्यापेक्षा मोठा प्लॉटचा फोन नंबर. कात्रजची आई पहिल्या रांगेच्या कडेला. आणि ‘क’ मधली ती कुठाय? ती तिसऱ्या रांगेत होती, खांबाच्या मागे. मुलगी मांडीवर. अंगावर पोपटी साडी, तीच बारीक टिकली. माझ्या कानाशी एक बाई म्हणालीच, “एवढी हिरवीगार? महिना-दीड महिनाच झाला ना?”

मी स्वतः जाऊन बिल्डरच्या मेहुण्याला उठवलं आणि तिला त्या खुर्चीवर बसवलं. मेहुणा म्हणाला, “अहो, नाव लावलंय.” मी म्हणालो, “तिचंही लावायचं राहिलंय.” एवढ्या गर्दीत मी केलेलं हे पहिलं धड काम. त्यानंतर लगेच तलवारीत पाय अडकून मी स्टेजच्या पायरीवर पडलो, त्यामुळे त्याची नोंद कुणी घेतली नाही.

राण्या आल्या. टाळ्या झाल्या. झाशीच्या राणीला सगळ्यांत जास्त झाल्या. घोडा नव्हता पण आवेश होता. शेवटी ही आली. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, हातात पिंड, कपाळ कोरं. सभागृहात एकदम कुजबूज उठली, मग थांबली. मी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातली दोनच आठवली. बावीस वर्षांच्या संसारात मी तिचं कपाळ रिकामं पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मिशीचा डिंक, कसं कोण जाणे, डोळ्यांत गेला.

मग दोघी पाहुण्यांना स्टेजवर बोलावलं. माझ्या हातातल्या कागदावर सेक्रेटरींच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘वीरमातेची ओटी. वीरपत्नीस शाल.’ समोर मुलगी पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर बसली होती.

“आता आपल्या राण्या दोघींची ओटी भरतील,” मी माइकवर म्हणालो. “दोघींची.”

राणीसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की खरी तलवार असती तर हा मजकूर लिहायला मी राहिलो नसतो. त्यांनी कात्रजच्या आईंना ओवाळलं, कुंकू लावलं, खण-नारळ-तांदूळ पदरात घातले. मग तबक टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, “शाल.”

मोठ्याने नाही. पण माइक माझ्या हातात चालू होता. ते सगळ्या सभागृहाने ऐकलं.

ती उभी होती, पोपटी साडीत, दोन्ही हात समोर धरून. पदर ओटीसाठी पुढे घेतला होता तिने. तो हळूच सोडला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर मुलीकडे पाहिलं आणि हसली. आता काय सांगू, याचा विचार करताना माणूस हसतो तसं. अध्यक्ष राजाच्या वेषात शालीची घडी उलगडत होते आणि तिचं टोक त्यांच्या मोत्यांच्या माळेत अडकलं होतं. मी शब्द दिला होता. तोंड उघडलं. बोलता येतं असा माझ्याविषयी समज आहे.

तेव्हा ही रांगेतून पुढे आली. तिने हातातली पिंड राणीसाहेबांपुढे धरली. “वहिनी, जरा धरा. खाली ठेवू नका हं, देव आहे.”

राणीसाहेबांना दोन्ही हात पुढे करावेच लागले. तलवार काखेत, पाठीवर कापडी बाळ, ओंजळीत महादेव. आता त्यांना कुणाला काही अडवता येणार नव्हतं.

हिने तबक उचललं. पण ओटी भरली नाही आधी. त्या मुलीच्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि साध्या, वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली, “माझं कपाळ रिकामं आहे. तू लाव.”

“मी?” ती म्हणाली. “काकू, मी कशी… चालंल का?”

“कपाळ माझं आहे.”

“पण काका…”

“त्यांना काय विचारतेस? त्यांची मिशीसुद्धा त्यांचं ऐकत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मिशी लोंबत होती. ती फिसकन हसली, पहिल्या दिवशी न आलेलं हसू. मग करंड्यात बोट बुडवलं. हसू अजून आवरलं नव्हतं, त्यामुळे कुंकू जरा तिरकं लागलं, भुवईच्या बाजूला उतरलं. मग हिने तिची ओटी भरली. पूर्ण, सावकाश, एकही दाणा खाली न सांडता. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. समोरून मुलगी ओरडली, “आई, सांभाळ, नारळ पडंल!”

टाळ्या झाल्या का? झाल्या. मागच्या बाजूने सुरू झाल्या. पहिल्या रांगेत कुणी कुणाकडे बघायचं याचा अंदाज चालला होता.

मला वाटलं होतं, आता तरी कुणी काही शिकेल. कसलं काय! अध्यक्षांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. त्यात बलिदान आठ वेळा आलं आणि तिचं नाव एकदाही नाही. केबलवर बातमी आली, तिच्यात झाशीची राणी होती, शाल होती, प्लॉटचा फोन नंबर होता. ओटी कापली. बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, “कार्यक्रमाला गालबोट लागलं.” तिसऱ्या राणीच्या सासूबाई खुर्चीत गेल्या नव्हत्या, उलट त्यांनी दोनदा चहा घेतला. तिच्या मिस्टरांच्या अँजिओग्राफीलाही काही झालं नाही. पण आमच्याकडे हळदीकुंकवाची बोलावणी त्या वर्षीपासून कमी झाली. पुढच्या वर्षी लढाई नव्हती, तेव्हा मंडळाने प्रायोजक घेऊन दांडिया केला. माझं सूत्रधारपद गेलं. डीजेला सूत्रधार लागत नाही. एक मात्र खरं, ‘क’ मधल्या त्या बाईंकडे आमच्या इमारतीतली ब्लाउजं शिवायला जायला लागली. पांढरं पातळ नको म्हणणाऱ्यांतल्या दोघींचीही त्यांत होती. तोंडाने कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे माफी अशीच मागतात, शिवणाच्या मापातून. मला त्याचाही राग येतो आणि तेवढं झालं याचं बरंही वाटतं.

त्या दुपारी आम्ही घरी आलो. हिने पातळ सोडून घडी घातली, ड्रेपरीवाल्याच्या पिशवीत ठेवलं. घामाने कुंकू अजूनच ओघळलं होतं, भुवईपर्यंत. मी देवघरातून करंडा आणला. मुद्दाम आणला नव्हता, सहज हातात होता.

“जरा नीट लावून घेतेस का?” मी म्हणालो. “तिरकं झालंय, म्हणून म्हटलं.”

तिने पिशवीची गाठ मारली. मग म्हणाली, “तिनं लावलंय, तसंच राहू दे. आणि आता रस्ता ओलांडताना चार-चार वेळा बघायचं बंद करा. काही होत नाही तुम्हाला. जा, संध्याकाळची भाजी आणा. चालत.”